फुटाण्याचं पेव

दात तारेवर घासल्याचा आवाज एकदा कानात शिरला की निघत नाही. दिवेलागण झाली की तो सुरू व्हायचा. कर्र, कर्र, कर्र. मध्येच थांबायचा, वाटायचं सुटलो एकदाचे, आणि पुन्हा कर्र. वर्षाराणीचा भाकरी थापणारा हात थबकायचा. तव्यावरची भाकरी करपायची. कपाट आडवं लावून केलेल्या आडोशापलीकडे फिजिक्सचं पुस्तक उघडं टाकून बसलेली सुकन्या ओरडायची, "मम्मी, त्याला कायतरी दे ना! डोकं फुटून राहिलं माझं!"

आणि मम्मी द्यायची. देण्याशिवाय तिला दुसरं काही सुचतच नव्हतं. बदाम सोलून द्यायची. शेंगदाण्याची लाल साल फुंकून द्यायची. पिंजऱ्यातली वाटी भरलेली असली तरी वर अजून शीग लावायची. पिंजऱ्यातला जीव वाटीकडे बघायचाही नाही. दोन पायांवर उभा राहून, दोन्ही हातांनी तार धरून, कैद्यासारखा तो तार चावत राहायचा.

त्याचं नाव फुटाणा. अंगठ्याएवढा जीव, राखाडी अंग, पाठीवरून काळी रेघ आणि मोहरीसारखे डोळे. दुकानदाराच्या भाषेत ड्वार्फ हॅमस्टर. घरमालकीण कस्तुराबाईच्या भाषेत उंदीर.

"उंदराला बदाम!" जिन्यात बसून लसूण सोलता सोलता कस्तुराबाई म्हणायची. "आमच्या घरात उंदीर निघला तर मी चपलीनं मारते. अन् हिच्या घरात त्याला मेजवानी!"

"उंदीर न्हाई ओ तो, मावशी."

"शेपूट तेवढं कमी हाय म्हण."

हे सगळं चाललं होतं लातूरच्या ट्यूशन एरियात. हा भाग ज्यानं पाहिला नाही त्यानं एकदा बघून यावा. चार गल्ल्यांत जिकडे बघावं तिकडे क्लासचे फलक, फलकांवर पहिल्या आलेल्या पोरांचे चेहरे, आणि फलकांखाली न आलेल्या पोरांची रांग. गावोगावची पोरं इथं आणून डांबायची आणि वर म्हणायचं, तुझ्यासाठी किती करून राहिलो बघ. पोरांबरोबर आया येतात. गावातलं घर, गोठा, नवरा सोडून एका खोलीत दोन-दोन वर्षं काढतात. त्यांना ती जाडजूड पुस्तकं वाचता येत नाहीत. पोरीच्या वाटचा अभ्यास करता येत नाही, म्हणून पोरीच्या वाटचं बाकी सगळं त्या करतात. पाण्याचा तांब्या हातात देतात, वेणी घालतात, रात्री बदाम भिजवून सकाळी सोलून पुढ्यात ठेवतात. पोरगी नुसती बसते. बसून बसून तिची मान आखडते, आणि आई मानेलाही तेल लावते.

वर्षाराणी त्यांतलीच. हिमायतनगर तालुक्यातलं गाव सोडून आलेली. नवरा शेषेराव तिकडं एकटा शेती बघत होता, आणि स्वतःच्या भाकऱ्या स्वतः थापत होता.

फुटाणा मात्र तिचा नव्हता. तो समोरच्या खोलीतल्या मनस्विनीचा. नांदेडची पोरगी, बाप रेणुकादास सर कॉलेजात शिकवायला. पोरगी हुशार. इतकी हुशार, की तिच्याकडून मार्कांशिवाय कुणी दुसरं काही मागितलंच नाही. एकटी राहायची. कुणाला न सांगता तिनं हे जनावर आणून ठेवलं होतं. संक्रांत होऊन गेल्यावर एक दिवस क्लासमध्ये पेपर चालू असताना ती उभी राहिली आणि रडायला लागली. थांबेचना. बाकीच्यांचा वेळ जातोय म्हणून तिला बाहेर नेऊन बसवलं. ती बाहेर बसूनही रडत राहिली.

दुसऱ्या दिवशी सर गाडी घेऊन आले. कपडे, कूलर, पुस्तकं, सगळं भरलं. खोलीत पिंजरा तेवढा राहिला.

"सर, पोरीचं जनावर राहिलं की," वर्षाराणी म्हणाली.

"राहू द्या. सोडून द्या कुठंतरी. असल्या नादांमुळंच तर हे झालंय."

मागच्या सीटवर मनस्विनी काचेला कपाळ टेकून बसली होती. डोळे उघडे, पण बघत कुठंच नव्हती. वर्षाराणीनं काय केलं, पिंजरा उचलला, गाडीच्या खिडकीपाशी नेला आणि काचेवर बोट वाजवलं.

"मी बघते माय ह्याला. तू बरी होऊन ये, अन् ने तुझा तू."

पोरीनं मान हलवली. सकाळपासून बाप विचारत होता, शेजारी विचारत होते, तिनं कुणाला हूं की चूं केलं नव्हतं. ही मान हलली तेवढीच.

मग रोज संध्याकाळी नांदेडहून व्हिडिओ कॉल यायला लागला. पडद्यावर मनस्विनीचा अर्धा चेहरा. "काकू, दाखवा." बस. वर्षाराणी फोन पिंजऱ्यापुढे धरायची. पोरगी थोडा वेळ बघायची आणि फोन ठेवून द्यायची. एकदा तिच्या आईनं, गोदावरीबाईंनी, फोन घेतला. आवाज दाबून म्हणाल्या, "वर्षाताई, दिवसभरात ती तेवढंच बोलते हो. जेव म्हटलं तर जेवते, झोप म्हटलं तर झोपते. पण आपणहून फक्त तेवढंच. तेवढं चालू ठेवा."

वर्षाराणीनं हो म्हटलं. पण फुटाण्याचं बरं चाललेलं नव्हतं.

आधी तार चावणं सुरू झालं. मग तो एकाच कोपऱ्यात गोल गोल फिरायला लागला, गिरणीच्या पट्ट्यासारखा. मग हात घातला की चावायला लागला. आणि मग एके सकाळी दिसलं, त्याच्या मांडीवरचे केस गेलेत. रुपयापेक्षा लहान, पण गुलाबी, उघडं कातडं. तो स्वतःच स्वतःला चाटून चाटून, ओरबाडून केस काढत होता.

कस्तुराबाई म्हणाली, दृष्ट लागली. बोलायला चपलीची भाषा, पण मीठ-मिरच्या घेऊन तीच आली. फुटाण्यावरून ओवाळून मिरच्या शेगडीत टाकल्या. धूर असा झाला की सुकन्या खोकत जिन्यात पळाली, फुटाणा शिंका देऊन देऊन बेजार झाला, आणि दृष्ट काही निघाली नाही. वर्षाराणीनं अजून बदाम सोलले. त्या संध्याकाळी कॉल आला तेव्हा तिनं पिंजरा असा वळवून ठेवला की उघडी मांडी दिसू नये.

"काकू, तो असा का बसलाय?"

"झोपलाय, माय."

खोटं बोलली ती. दुसऱ्या दिवशीही बोलली. आणि मग गोदावरीबाईंचा निरोप आला, की होळीनंतर खोलीचं भाडं चुकतं करून किल्ली द्यायला सर येणार आहेत, मनस्विनीही येते म्हणते, फुटाण्याला न्यायला. घरातून बाहेर पडायला ती पहिल्यांदाच तयार झालीय.

आता काय करता? पोरगी दारात येणार आणि हिनं तिच्या ओंजळीत काय ठेवायचं? केस गेलेला, पिसाळलेला जीव? का मेलेला? जी पोरगी एका उंदराच्या आधारानं उभी राहायला बघतेय, तिचा तो आधारही आपल्याच हातून जायचा?

वर्षाराणीनं पिंजऱ्यावर ओढणी टाकली, रिक्षा केली आणि औसा रोडला जनावरांच्या डॉक्टरकडे गेली. बाकावर एका बाजूला शेळी, दुसऱ्या बाजूला जीभ काढून लाळ गाळणारा दांडगा कुत्रा, आणि मध्ये ही मांडीवर पिंजरा घेऊन. डॉक्टर मृत्युंजय म्हणून होते, मिशा पांढऱ्या, बोलणं तिखट. त्यांनी फुटाण्याला रुमालात धरलं, उजेडात फिरवून बघितलं, दात बघितले, कातडीवर काच लावून बघितलं.

"खरूज नाही. बुरशी नाही. दात चांगले आहेत. खायला काय देता?"

वर्षाराणीनं छाती पुढे काढली. ह्या विषयात तिला कुणी हरवू शकलं नसतं. "बदाम, भिजवून सोलून. शेंगदाणा सोलून. करडईचं बी मी सुईनं फोडून आतला गर काढून देते, डॉक्टरसाहेब. खारकीचा तुकडा. अन् जरासा गूळ."

"गूळ?"

"अंगात ताकद यावी म्हणून."

"ह्या जातीला साखरेचा आजार लगेच होतो. गूळ, खारीक आजपासून बंद. बदामही बंद. आणि सोलून कशाला देता? त्याला दात नाहीत?"

"हायेत की! तेच तर तारेवर घासून राहिला!"

"मग दुसरं काय करावं त्यानं त्या दातांचं?"

डॉक्टरांनी फुटाण्याला परत पिंजऱ्यात सोडलं.

"पिंजरा कधी साफ करता?"

"रोज!" इथं पुन्हा तिचा आवाज चढला. "त्याला काय कळतं साहेब, लई घाण करतं. दाणे उचलून कोपऱ्यात नेऊन टाकतं, वर कागद ओढतं. मी सकाळी सगळं झाडून काढते अन् फिनाइलनं पुसते. लखलखीत."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "बाई, हे जनावर मूळचं कोरड्या माळरानातलं. अंधार पडला की निघतं, मैल मैल पळतं, एकेक बी हुडकतं, गालात भरतं आणि बिळात नेऊन साठवतं. त्याचं जगणं म्हणजे एवढंच. तुम्ही त्याला हुडकायला काही ठेवलं नाही. तरी त्यानं बिचाऱ्यानं वाटीतलंच उचलून कोपऱ्यात कोठार केलं. आणि तुम्ही रोज सकाळी ते लुटलं. वर त्याच्या नाकावर फिनाइल मारलं. केस गळणार नाहीत तर काय होईल?"

बाकावरची शेळी ओरडली. वर्षाराणीला ते ऐकू आलं नाही. तिला माहेरच्या अंगणातलं पेव दिसत होतं. जमिनीत खणलेलं, आतून कडब्यानं मढवलेलं, तोंडावर फरशी आणि फरशीवर माती. वर्षाची ज्वारी त्यात. त्या फरशीवर कुणी पाय दिला तरी आजा खेकसायचा. आणि तिनं रोज सकाळी एका जिवाचं पेव उकरून कचऱ्यात टाकलं होतं. स्वच्छता म्हणून! असलं काम गावात कुणी केलं असतं तर त्याला पारावर नेऊन हाणलं असतं.

"औषध?" तिनं विचारलं.

"हेच औषध. मोठी पेटी घ्या, वीतभर खोल कागद-गवताची भर घाला. वाटी बंद. दाणे सालीसकट पेरा, लपवा, कणीस उभं करा. फवारलेलं काही नको. ओला झालेला कोपरा तेवढा काढायचा, बाकी हात लावायचा नाही. जा."

जिन्यात कस्तुराबाई वाटच बघत होती. "काय म्हणला डॉक्टर?"

"घरातल्या घरात रान कर म्हणला."

"फी घेतली का त्यानं ह्याची?"

वर्षाराणीनं शेषेरावला फोन लावला. "ऐकता का? ज्वारीची थोडी कणसं पाठवा. राळ्याची बी. अन् वाळलेलं मऊ गवत. फवारलेलं नको."

"कणसं? हुरडा संपला की आता."

"फुटाण्याला पाहिजेत."

"फुटाणा कोण?"

"मनस्विनीचा तो. उंदीर."

मग शेषेराव म्हणाला, "मी इकडं हात भाजून भाकऱ्या करून राहिलो, अन् तू उंदराला कणसं मागून राहिली?"

"पाठवता का न्हाई?"

"न्हाई कधी म्हणलो? बांधाकडचं पाखरांचं तास हाय की, त्याला कुठं फवारलंय." दर साली पाखरांसाठी म्हणून पिकाची एक ओळ, म्हणजे तास, ते न कापता सोडून देत. पाखरांच्या वाट्यातलं थोडं उंदराला, असा हिशेब त्यानं लावला आणि गावच्याच ओळखीच्या कंडक्टरच्या हाती पोतं दिलं. पोत्यात वर गवत, मध्ये कणसं, खाली राळा-करडई आणि तळाशी सुकन्यासाठी चार लिंबं.

रजया ठेवायची प्लास्टिकची मोठी पेटी रिकामी झाली. रजया सुकन्याच्या पलंगावर गेल्या. झाकण कापून त्यावर जाळी बसवली. सुकन्याच्या जुन्या वह्यांतली कोरी पानं फाडून, चुरगाळून तळाशी घातली, वर गवत, फुटक्या माठाचं बूड उपडं ठेवून त्याला आसरा केला. आणि मग वर्षाराणीनं तेच केलं जे तिला येत होतं. सगळं दिलं. एकदम. पसा पसा करडई, मूठ मूठ राळा, कणसांची गंजी. पेटी धुऊन, पुसून, कोरी करकरीत. त्यात फुटाण्याला सोडलं आणि हात जोडले.

फुटाणा माठाच्या बुडाखाली शिरला आणि बाहेर आला नाही.

संध्याकाळ झाली, आला नाही. सकाळ झाली, आला नाही. चावायला तार नव्हती, म्हणून आवाजही नाही. वर्षाराणीला तो आवाजही बरा वाटायला लागला. निदान जिवंत आहे हे तरी कळायचं. सुकन्या क्लासला जायच्या आधी पेटीशी वाकली, म्हणाली, "मम्मी, गेला का गं?" आणि तिचे डोळे भरले. वर्षाराणीनं बूड उचलून बघायला हात पुढे केला, पण उचलायचं धाडस झालं नाही.

त्या दिवशी कॉल दुपारीच आला. नांदेडला त्या पोरीला काय कळलं होतं कोण जाणे.

"काकू, दाखवा."

"झोपलाय, माय."

"काकू, खरं सांगा. मेला का?"

आता बघा, एवढ्यावर अजून एक खोटं रेटता आलं असतं. माणसं रेटतात. त्या गल्लीत रोज हजार आया पोरांना सांगतात, सगळं बरं होणार, तू फक्त अभ्यास कर. वर्षाराणीच्या तोंडून ते निघालं नाही. ती फोन हातात धरून जमिनीवर बसली आणि सगळं बोलून गेली. बदाम, गूळ, फिनाइल, केस गेले ते, लपवलं ते. "मी त्याचं पेव लुटलं गं माय. रोज लुटलं. मला वाटलं मी लई करून राहिले त्याच्यासाठी."

पडद्यावर अर्धा चेहरा होता तो पूर्ण झाला.

"काकू, बूड हळूच उचला. मला बघू द्या."

वर्षाराणीनं उचललं. फुटाणा होता. अंग चोरून, कान पाडून बसलेला. पोट हलत होतं.

"जिवंत आहे," मनस्विनी म्हणाली, आणि मग ती बोलायलाच लागली. एवढं ती लातुरात असतानाही कधी बोलली नव्हती. "काकू, पेटी धुतली ना तुम्ही? तिथं त्याचा वासच नाही. त्याला वाटतंय तो दुसऱ्याच्या घरात आलाय. त्याचं जुनं काही घाला त्यात. जुने कागद, त्यानं साठवलेलं. आहे का काही?"

"काल सकाळी पिंजरा रिकामा करताना झाडून टाकलं गं."

"कुठं टाकलं?"

वर्षाराणी उठली. जिन्याखाली कचऱ्याचा निळा डबा होता. घंटागाडी कालही आली नव्हती, आजही नाही. एरवी ह्या घंटागाडीला तिनं काय काय शिव्या घातल्या असतील. आज ती न आल्याबद्दल तिनं मनातल्या मनात हात जोडले. डबा जिन्यात उपडा केला आणि गुडघ्यावर बसून चाळायला लागली. कांद्याची सालं, चहाची भुकटी, कस्तुराबाईच्या लसणाची फोलपटं, त्यातून एकेक कपटा उचलायचा, वास घ्यायचा, बाजूला ठेवायचा.

"काय हुडकून राहिली गं?" वरून कस्तुराबाई.

"पेव!"

"कशाचं?"

"उंदराचं!"

कस्तुराबाईनं कपाळावर हात मारला. मग पदर खोचून खाली आली आणि पलीकडे बसून तीही चाळायला लागली. "हे का बघ. कागदात दाणे हायेत." खरंच होते. चुरगाळलेल्या कागदाच्या पुरचुंडीत करडईच्या बिया, अर्धा बदाम, वाळका वाटाणा. फिनाइल लागायच्या आधी झाडलेलं, म्हणून वासही टिकलेला.

ती पुरचुंडी पेटीच्या कोपऱ्यात गेली. फोन समोरच्या डब्याला टेकून उभा होता आणि नांदेडहून हुकूम येत होते. गंजी काढा. एवढं नको. एक कणीस उभं खोचा, एक आडवं पुरा. दाणे मोजके, गवताखाली, लांब लांब. कागदाची नळी करा, दोन्ही टोकं दुमडा, आत राळा. वर्षाराणी करत होती. क्लासवरून आलेली सुकन्या दप्तर पाठीवर तसंच ठेवून नळ्या वळत होती. "अभ्यास" हा शब्द वर्षाराणीच्या ओठापर्यंत आला आणि तिनं तो गिळला.

दिवे लागले. त्यांनी मोठा दिवा घालवला, ओट्यावरचा तेवढा ठेवला. सगळे पेटीशी वाकले. फोनवर मनस्विनीही वाट बघत होती.

माठाच्या बुडाखालून आधी नाक आलं. मग मिशा. मग अख्खा फुटाणा बाहेर आला, दोन पायांवर उभा राहिला आणि हवा हुंगत राहिला. सरळ गेला तो पुरचुंडीच्या कोपऱ्यात. तिथं काय बघितलं, काय मोजलं त्याचं त्याला ठाऊक. मग वळला आणि गवतात शिरला. गवत हलायला लागलं. इकडं हललं, तिकडं हललं. पुरलेल्या कणसापाशी माती उकरावी तसे कागद उकरले त्यानं, दाणा ओढला, हातात धरून फिरवला, टरफल थुंकलं, दाणा गालात. अजून एक. अजून एक. उभ्या कणसावर चढला, कणीस वाकलं, फुटाणा त्याच्यासकट खाली आपटला आणि उठून पुन्हा चढला.

"मम्मी, गाल बघ!" सुकन्या कुजबुजली.

गाल असे फुगले होते की गालगुंड झालेल्या पोरासारखा दिसत होता. तशा गालांनी तो धावत कोपऱ्यात गेला, दोन्ही हातांनी गाल दाबले, दाणे बाहेर काढले, वर कागद ओढला, थापटला आणि पुन्हा निघाला कामाला. फोनमधून हसण्याचा आवाज आला. मनस्विनी हसत होती. तिच्यामागे दारात गोदावरीबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या, आणि त्यांनी तोंडावर पदर धरला होता.

पाय लांब करून वर्षाराणी भिंतीला टेकली. त्या दिवशीही भाकरी करपली, पण ती तिनं स्वतःच्या चुकीनं करपवली होती आणि मजेत खाल्ली.

एका दिवसात सगळं बरं झालं असं नाही. गोल फिरणं हळूहळू गेलं. हाताला चावणं राहिलं काही दिवस. पण उघड्या कातडीवर आधी लव आली, मग केस आले. रोज संध्याकाळी नांदेडहून नवी युक्ती यायची आणि सुकन्या ती करायची. तेवढा वेळ ती पुस्तकापासून उठायची, मान मोडायची, हसायची. मार्क कमी झाले का? मला विचारू नका. ज्यांना तेवढंच कळतं त्यांनी क्लासच्या फलकावर जाऊन बघावं.

होळी झाली आणि सरांची गाडी आली. मनस्विनी उतरली ती तडक वर. पेटीशी बसली, हात आत टाकला आणि तळवा उघडा ठेवून थांबली. फुटाणा आला, बोटं हुंगली, तळव्यावरून चालत पलीकडे गेला. त्याला काम होतं.

"केस आले, काकू."

"आले, माय."

रेणुकादास सर कमरेवर हात ठेवून पेटीकडे बघत होते. "एवढं मोठं? पिंजरा होता ना? बरं, निदान आतली घाण तरी काढून टाका. गाडीत सांडेल." आणि त्यांनी कोपऱ्यातल्या कागदांकडे हात नेला.

"पप्पा, हात लावायचा नाही."

आवाज मोठा नव्हता. पण सरांचा हात तिथंच थांबला. बहुतेक त्या पोरीनं बापाला आजवर असं सांगितलेलं नव्हतं.

"ते त्याचं आहे," ती म्हणाली. "त्यानं जमवलंय."

"अगं पण वाटीत दिलं तर खाणार नाही का तो? हे पुरायचं, लपवायचं कशाला?"

उत्तर वर्षाराणीनं दिलं. "मी बी तेच केलं होतं सर. सगळं सोलून हातात दिलं. दुसरं काही करूच दिलं न्हाई. केस गळाले त्याचे."

सरांनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा पोरीकडे. बोलले काहीच नाहीत. बरं झालं. बोलले असते तर काहीतरी शहाणपणाचंच बोलले असते.

पेटी मागच्या सीटवर मनस्विनीशेजारी गेली. उरलेली कणसं, गवत, करडई पायाशी. कस्तुराबाईनं खिडकीतून डोकावून लसणाची फोलपटं देऊ केली, "ह्याचं बी घरटं होईल," म्हणाली, आणि सगळ्यांनी नको नको म्हणून हात हलवले. गाडी निघाली. गल्लीच्या पहिल्याच खड्ड्यापाशी आतून आवाज आला, "पप्पा, सावकाश." आणि गाडी खरंच सावकाश झाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला.

"काकू, पोचला. कोपराही जसाच्या तसा आहे."

"कर्र कर्र करून राहिला का गं?"

"नाही. ऐका." तिनं फोन पेटीपाशी नेला. वर्षाराणीनं कान लावला. गवताची सळसळ, बस.

फोन ठेवून ती ओट्यापाशी आली. सकाळचे बदाम वाटीत भिजलेले तसेच होते. हात सवयीनं पहिल्या बदामाकडे गेला, साल चिमटीत धरली आणि सोडून दिली. वाटी तशीच सुकन्यापुढे नेऊन ठेवली.

"सोलले न्हाईत?" सुकन्यानं विचारलं.

"दात हायेत ना तुला?"

सुकन्यानं एक बदाम दातात धरला, साल काढली आणि फूः करून जमिनीवर उडवली.

"झाडून घे ते," वर्षाराणी पिठात हात घालत म्हणाली.

"झाडू कुठं हाय?"

"हुडक."